९ मार्चला सुस्थितीत, १० मार्चला नादार : राज्य-सनदी बँकेचे दिवाळे नेमके कोण ठरवते?

चौकस

मी सॅन होजेला राहतो आणि पेशाने संगणक अभियंता आहे, त्यामुळे कायद्याशी माझा संबंध घरभाड्याच्या करारापलीकडे कधी गेलेला नाही. गेल्या आठवड्यात एका मित्राशी वाद झाला. सिलिकॉन व्हॅली बँकेने न्यूयॉर्कच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला होता, असे त्याचे म्हणणे. राज्याच्या अधिकाऱ्याने ती बंद केली आणि न्यायालयाचा त्यात काही संबंध नव्हता, असे माझे. जो हरेल त्याने जेवण द्यायचे ठरले आहे.

वादाच्या भरात मी कॅलिफोर्नियाच्या बँक आयुक्तांचा १० मार्च २०२३ चा आदेश शोधून वाचला आणि अधिकच गोंधळलो. ९ मार्चपूर्वी बँकेची आर्थिक स्थिती चांगली होती, असे त्या आदेशातच नमूद आहे. ९ मार्चला ठेवीदारांनी ४२ अब्ज डॉलर काढण्याच्या सूचना दिल्या, दिवसअखेर बँकेची रोख शिल्लक सुमारे ९५.८ कोटी डॉलर उणे झाली, आणि देणी वेळच्या वेळी भागवता येत नाहीत म्हणून बँक नादार झाली आहे, असा निष्कर्ष त्यात काढला आहे. एका रात्रीत चांगली बँक नादार कशी होते? बँक राज्याची असताना तिचा ताबा केंद्राच्या ठेव विमा महामंडळाकडे, म्हणजे एफडीआयसीकडे, कसा गेला? आणि हे सर्व कोणत्याही न्यायाधीशासमोर न जाता होऊ शकते का? जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

टवाळ

शीर्षकात 'राज्य' आणि 'बँक' हे शब्द शेजारी दिसताच मी कपाटातून स्टेट बँकेचे पासबुक काढून आणले. आता शांतपणे वाचायला बसतो.

गवती चहा

टवाळ यांचा विनोद बाजूला ठेवला तरी घोळ खरोखरच शब्दात आहे. अमेरिकेत 'स्टेट बँक' म्हणजे सरकारी मालकीची बँक नव्हे. बँक खाजगीच असते. फक्त तिची सनद केंद्राऐवजी एखाद्या राज्याने दिलेली असते. केंद्राची सनद घेणाऱ्या त्या 'नॅशनल' बँका, आणि ही दुहेरी व्यवस्था १८६० च्या दशकातील राष्ट्रीय बँक कायद्यांपासून चालत आली आहे. राज्याच्या मालकीची म्हणावी अशी बँक ऑफ नॉर्थ डकोटा ही १९१९ पासूनची बँक आहे खरी, पण तिच्या ठेवींना एफडीआयसीचा विमा नसून राज्याचीच हमी आहे, त्यामुळे या चर्चेत ती बसत नाही.

नावावरून फसगत होण्याची परंपराही जुनी आहे. न्यूयॉर्कमध्ये बँक ऑफ युनायटेड स्टेट्स नावाची एक बँक होती. नावावरून सरकारी वाटे, प्रत्यक्षात ती न्यूयॉर्क राज्याच्या सनदेवरची खाजगी बँक होती. ११ डिसेंबर १९३० रोजी राज्याच्या बँक अधीक्षकांनी तिला टाळे लावले तेव्हा तिचे चार लाखांहून अधिक ठेवीदार होते.

ताळेबंद

मी सनदी लेखापाल असल्याने पहिल्या प्रश्नापुरते बोलतो. नादारी हा शब्द एक असला तरी तिची मापे तीन आहेत. पहिले माप ताळेबंदाचे : मालमत्ता देण्यांपेक्षा कमी पडते का? दुसरे रोकडीचे : आज मागितलेले पैसे आज देता येतात का? तिसरे नियामकाचे : भांडवल कायद्याने आखलेल्या रेषेखाली गेले का? सामान्य व्यापाऱ्याच्या बाबतीत ही मापे बहुधा एकत्र चुकतात, परंतु बँकेच्या बाबतीत ती वेगवेगळ्या दिवशी चुकू शकतात आणि चौकस यांचा गोंधळ तिथून उद्भवला आहे.

आकडे पाहा. २०२२ च्या अखेरीस या बँकेकडे मुदतीपर्यंत धरून ठेवायचे म्हणून नोंदवलेले रोखे होते आणि व्याजदर वाढल्याने त्यांची बाजारातील किंमत सुमारे १५ अब्ज डॉलरने घटलेली होती. तिच्या मूळ कंपनीचे एकूण भांडवल सुमारे १६ अब्ज. हिशेबाच्या नियमांनुसार असे रोखे खरेदीच्या किमतीलाच दाखवता येतात, त्यामुळे कागदावर बँक सशक्त होती आणि बाजारभावाने मोजली तर जेमतेम काठावर उभी होती. ८ मार्चला तिने विक्रीयोग्य वर्गातील सुमारे २१ अब्जांचे रोखे विकून १.८ अब्जांचा तोटा झाल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्या दिवशी रांग लागली. रांग म्हणजे मोबाइलवरची. दारात उभे राहण्याची गरजच नव्हती. आदेशातले 'नादार' हे रोकडीच्या मापाने आहे. ताळेबंदाच्या मापाचा प्रश्न आयुक्तांनी उघडलाच नाही आणि त्यांना तो उघडण्याची गरजही नव्हती.

न्यूजर्सीकर

ताळेबंद यांच्या प्रतिसादानंतर कायद्याची बाजू मांडणे सोपे झाले आहे. मी येथे वकिली करतो, परंतु हा कायदेशीर सल्ला समजू नये.

बँकेला सामान्य दिवाळखोरी संहितेखाली अर्जच करता येत नाही. संहितेच्या कलम १०९ ने देशी बँकांना त्यातून वगळले आहे. तिचे दिवाळे बँकविषयक कायद्यानेच निघते, आणि त्याला रिसीव्हरशिप म्हणतात. आपल्याकडे 'अवसायक' म्हटले की बुडालेल्या संस्थेची देणीघेणी आवरणारा जो अधिकारी डोळ्यांसमोर येतो त्याच्याशी रिसीव्हरचे नाते जवळचे आहे, मात्र अधिकार कितीतरी मोठे आहेत.

राज्य-सनदी बँकेच्या दाराला एकाहून अधिक किल्ल्या आहेत. पहिली किल्ली सनद देणाऱ्या राज्याकडे. कॅलिफोर्नियाच्या आयुक्तांनी राज्याच्या वित्त संहितेच्या कलम ५९२ खाली ताबा घेतला, आणि अपुरी रोखता (हाताशी पुरेशी रोकड नसणे) व नादारी ही कारणे दिली. त्यानंतर राज्य रिसीव्हर नेमते. केंद्रीय कायद्याच्या शब्दांकडे लक्ष द्यावे : राज्याने नेमणूक देऊ केली तर एफडीआयसी ती स्वीकारू 'शकते'. राष्ट्रीय सनदेच्या विमाधारक बँकेवर रिसीव्हर नेमायचा झाला तर तो एफडीआयसीच असावा लागतो. राज्य बँकेबाबत मात्र हा विनंती आणि स्वीकार असा व्यवहार आहे. प्रत्यक्षात विमाधारक बँक असेल तर राज्ये एफडीआयसीलाच बोलावतात, कारण ठेवीदारांचे पैसे अखेर तिच्याच निधीतून जायचे असतात.

दुसरी किल्ली एफडीआयसीकडेच आहे. राज्याने दुसराच कोणी रिसीव्हर नेमला, पंधरा दिवस उलटले आणि एखाद्या ठेवीदाराला विम्याने संरक्षित रक्कमही काढता येत नसेल, तर ती स्वतःलाच एकमेव रिसीव्हर नेमू शकते. तिसरी किल्ली १९९१ च्या सुधारणा कायद्याने आली. राज्य चालढकल करीत राहिले तरी त्या बँकेवर देखरेख करणारी केंद्रीय संस्था राज्याशी विचारविनिमय करून एफडीआयसीला नेमू शकते, आणि विमा निधीचे नुकसान टाळायचे असेल तर एफडीआयसी स्वतःही पुढाकार घेऊ शकते. त्यासाठीच्या कारणांची यादी लांब आहे : देण्यांना मालमत्ता अपुरी पडणे, मालमत्तेची उधळपट्टी, धोकादायक स्थिती, देणी भागवण्याची अक्षमता, हिशेबाची पुस्तके दडवणे, भांडवल घटणे, अगदी संचालक मंडळाची संमतीसुद्धा. यांपैकी एक कारण पुरते. नादारी ही त्या यादीतली केवळ एक ओळ आहे, आणि हे लक्षात घेतले की 'एका रात्रीत नादार कशी' या प्रश्नाची धार बरीच कमी होते.

रोखठोक

धार कमी होत नाही, उलट वाढते. यादीतील एक कारण पुरत असेल आणि 'धोकादायक स्थिती' हेही कारण असेल, तर अधिकाऱ्याला नको असलेली कोणतीही बँक बंद करता येईल. त्याच आठवड्यातील सिग्नेचर बँकेचे उदाहरण घ्या. १२ मार्चला, रविवारी, न्यूयॉर्कच्या वित्त सेवा विभागाने ती ताब्यात घेतली. तिच्या संचालक मंडळावर असलेले माजी खासदार बार्नी फ्रँक यांनी उघड सांगितले की आभासी चलनाच्या व्यवसायाला इशारा देण्यासाठी हे केले गेले.

न्यूजर्सीकर

विभागाने ते नाकारले, हेही सांगायला हवे. बँकेच्या नेतृत्वावरचा विश्वास उडाला होता आणि ती विश्वासार्ह व सुसंगत माहिती देऊ शकत नव्हती, असे त्यांचे म्हणणे होते. सोमवारी सकाळी दार उघडले तर किती पैसे मागितले जातील आणि आपल्याकडे किती आहेत, हे बँकेलाच सांगता येत नसेल, तर अधिकाऱ्याने काय करावे अशी तुमची अपेक्षा आहे?

रोखठोक

सोमवारपर्यंत थांबावे. संशयावरून कुणाला फासावर देत नाहीत.

ताळेबंद

बँकेच्या बाबतीत थांबण्याची किंमत थांबणारा भरत नाही, हीच अडचण आहे. सिलिकॉन व्हॅली बँकेकडे १० मार्चला आणखी सुमारे १०० अब्ज डॉलरची मागणी येणार होती. एकूण ठेवी १७५ अब्जांच्या आसपास. दार उघडे ठेवले असते तर पहाटे उठून फोन हाती घेणाऱ्यांना पूर्ण पैसे मिळाले असते आणि उरलेल्यांच्या वाट्याला उरलेसुरले आले असते. बँका साधारणपणे शुक्रवारी संध्याकाळी बंद करतात, म्हणजे हस्तांतरासाठी शनिवार-रविवार मिळतो आणि विम्याची रक्कम सोमवारी ठेवीदारांच्या हाती पडते. ही शुक्रवारी सकाळीच बंद करावी लागली, यावरून निकड लक्षात यावी.

तरीही सगळे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडू नये, या रोखठोक यांच्या आक्षेपात तथ्य आहे, आणि १९९१ चा कायदा त्यावरचाच उतारा म्हणून आला होता. त्याआधीच्या दशकात नियामकांनी बुडालेल्या संस्था वर्षानुवर्षे तरंगत ठेवल्या आणि तोटा वाढू दिला. म्हणून कायद्याने मोजपट्टी हातात दिली : मूर्त भांडवल एकूण मालमत्तेच्या २ टक्के किंवा त्याखाली गेले की साधारणतः ९० दिवसांच्या आत रिसीव्हर नेमावा, नाहीतर दुसरा मार्ग अधिक चांगला का आहे ते लेखी नोंदवावे. पट्टी उत्तम आहे. फक्त ती पुस्तकी भांडवल मोजते. सिलिकॉन व्हॅली बँक शेवटच्या दिवसापर्यंत या पट्टीवर 'उत्तम भांडवल' या वर्गात होती. तापमापकात पारा नसल्यावर ताप कसा दिसणार?

बखरकार

न्यायालयाविषयीचा चौकस यांचा तिसरा प्रश्न मागे पडला आहे, तो उचलतो. आधी टाळे आणि नंतर सुनावणी हा क्रम अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच मान्य केला आहे. त्या काळी बँक बुडाली की भागधारकाला त्याचे भाग तर गमवावे लागतच, शिवाय बहुतेक ठिकाणी दर्शनी किमतीइतकी रक्कम पदरची भरावी लागे. जॉर्जिया राज्यात बँक अधीक्षक ही वसुली न्यायालयात न जाता थेट जप्तीच्या हुकमाने करू शकत. १९२८ मध्ये कॉफिन ब्रदर्स खटल्यात ती पद्धत वैध ठरली, कारण भागधारकाला नंतर न्यायालयात दाद मागता येत होती. १९४७ च्या फाही खटल्यातही ताबा आधी आणि सुनावणी नंतर हा क्रम टिकला. पतसंस्थेची पत चर्चा चालू असताना टिकत नाही, हे यामागचे व्यावहारिक शहाणपण आहे.

आणखी एक विषयांतर, पण अगदी जवळचे. राज्यांनी हा प्रश्न स्वबळावर सोडवण्याचा प्रयत्न केला होता. १९०७ च्या घबराटीनंतर ओक्लाहोमाने राज्य बँकांच्या वर्गणीतून ठेव हमी निधी उभारला. एका बँकेने त्याला आव्हान दिले आणि १९११ मध्ये न्यायमूर्ती होम्स यांनी निधीच्या बाजूने निकाल दिला. आणखी सात राज्यांनी अनुकरण केले. शेतमालाचे भाव कोसळल्यावर सगळ्या बँका एकदमच आजारी पडल्या, आणि १९३० पर्यंत आठही निधी आटले. गावातल्या सगळ्या घरांनी एकमेकांच्या आगीचा विमा उतरवावा आणि वणवा यावा, असे झाले. १९३४ मध्ये केंद्राचा ठेव विमा २,५०० डॉलरपासून सुरू झाला, त्यामागे हा अनुभव होता. आज ती मर्यादा २,५०,००० डॉलर आहे.

शशिकला

मी पुण्यात राहते. माझ्या सासूबाईंची निवृत्तीची रक्कम एका सहकारी बँकेत निर्बंधांखाली अडकली होती, त्यामुळे तुमची चर्चा वाचताना मला हेवा वाटतो आहे. शुक्रवारी बँक बंद आणि सोमवारी विम्याची रक्कम हातात? आम्ही ज्या खिडकीसमोर उभ्या राहत होतो तिथे 'पुढील आदेशापर्यंत' याखेरीज शब्द ऐकू येत नव्हता. आपल्याकडे किल्ल्या कोणाकडे असतात, हे कुणी सांगेल का?

ताळेबंद

शशिकलाताई, आपल्याकडे रिझर्व्ह बँक बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ खाली निर्बंध घालते. परवाना रद्द झाला तर सहकारी बँकेचे अवसायन सहकार निबंधकामार्फत होते, म्हणजे रिझर्व्ह बँकेने निबंधकाला कळवायचे आणि त्याने अवसायक नेमायचा. बंद करण्याची किल्ली एकाकडे आणि आवरण्याची दुसऱ्याकडे. अमेरिकेत विमा देणाराच रिसीव्हर होतो. आपले ठेव विमा महामंडळ पैसे देते, पण अवसायन चालवत नाही. विमा मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाख झाली, आणि २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद आली. त्याआधी, सप्टेंबर २०१९ मध्ये, पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या ठेवीदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती, हे आठवत असेल.

अनाहूत

सिलिकॉन व्हॅली बँकेच्या गोंधळात मुंबईकरांनीही वाटा उचलला होता. 'एसव्हीबी बुडाली' अशी बातमी पसरताच काहींना ती मुंबईची शामराव विठ्ठल सहकारी बँक, म्हणजे एसव्हीसी, वाटली आणि आपला कॅलिफोर्नियाशी काडीचाही संबंध नाही, असा खुलासा त्या बँकेला करावा लागला. रोखता केवळ नावसाधर्म्यानेही आटू शकते.

गवती चहा

शशिकलाताईंचा हेवा थोडा कमी करते. सोमवारी हमखास मिळणार होती ती विम्याच्या मर्यादेतील रक्कम. त्या बँकेच्या ठेवींपैकी ९० टक्क्यांहून अधिक रक्कम मर्यादेबाहेर होती, आणि १० मार्चच्या घोषणेनुसार त्या ठेवीदारांना काही आगाऊ हप्ता आणि उरलेल्या रकमेसाठी रिसीव्हरशिपचे प्रमाणपत्र, म्हणजे बँकेची मालमत्ता विकली जाईल तसे पैसे मिळण्याचा हक्क, मिळणार होते. रविवारी संध्याकाळी सरकारने निर्णय फिरवला म्हणून त्यांचे पूर्ण पैसे वाचले. एरवी एफडीआयसीला विमा निधीवर सर्वांत कमी भार टाकणारा मार्गच निवडावा लागतो. त्याला बगल द्यायची तर तिच्या मंडळाचे दोन तृतीयांश, फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेच्या मंडळाचे दोन तृतीयांश आणि राष्ट्राध्यक्षांचा सल्ला घेऊन अर्थमंत्री, अशा सर्वांची संमती लागते. बँकेच्या केमन बेटांवरील शाखेतील ठेवीदारांना मात्र हा लाभ मिळाला नाही. केवळ परदेशात देय असलेली ठेव त्या कायद्यात ठेवच मानत नाहीत, त्यामुळे ते सामान्य धनकोंमध्ये गणले गेले. बुडालेल्या बँकेच्या पैशांच्या रांगेत आधी रिसीव्हरचा खर्च, मग देशांतर्गत ठेवी, मग इतर धनको, आणि सर्वांत शेवटी भागधारक उभे असतात.

रोखठोक

म्हणजे मोठ्यांसाठी अर्थमंत्री धावतात आणि छोट्यांना प्रमाणपत्र. माझा आक्षेप कायम आहे.

न्यूजर्सीकर

यावेळी मी तुमच्याशी सहमत आहे, पण छोट्या बँकेचेही एक उदाहरण नोंदवतो. कॅन्ससमधील एल्कहार्ट या गावची हार्टलँड ट्राय-स्टेट बँक २८ जुलै २०२३ रोजी राज्याच्या बँक आयुक्तांनी बंद केली. तिच्या प्रमुखानेच आभासी चलनाच्या ठकबाजीत अडकून बँकेचे सुमारे ४.७ कोटी डॉलर बाहेर पाठवले होते. त्याला पुढे चोवीस वर्षांहून अधिक काळाची शिक्षा झाली. एफडीआयसी रिसीव्हर झाली, ठेवी शेजारच्या बँकेने घेतल्या आणि ठेवीदारांचे काही गेले नाही. भागधारकांचे, म्हणजे बहुतांशी गावकऱ्यांचेच, सर्वस्व गेले. यादीतले 'मालमत्तेची उधळपट्टी' हे कारण कशासाठी असते, ते या एका गावात दिसते. तिथे सुनावणीची वाट पाहिली असती तर उरलेलेही गेले असते.

चौकस

सर्वांचे मनापासून आभार. पहिले दोन प्रश्न सुटले. तिसऱ्याबाबत एक शंका उरते : ताबा घेतल्यानंतर तरी बँकेला न्यायालयात जाता येते का? आणि आमच्या पैजेचे काय?

न्यूजर्सीकर

जाता येते. केंद्राने स्वतःहून एफडीआयसीला नेमले असेल तर बँकेला ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात त्या नेमणुकीला आव्हान देता येते. राज्याने ताबा घेतला असेल तर राज्याच्या कायद्यातील मुदत लागू होते. अडचण अशी की त्या ३० दिवसांत आव्हान देण्याजोगे फारसे काही उरत नाही. सिलिकॉन व्हॅली बँकेचेच पाहा : शुक्रवारी राज्याच्या सनदेवर मिटली, सोमवारी तिचा कारभार एफडीआयसीने तात्पुरत्या उभारलेल्या, राष्ट्रीय सनदेच्या सेतू-बँकेत सुरू झाला, आणि २७ मार्चला तो फर्स्ट सिटिझन्स बँकेकडे गेला, जी पुन्हा नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या सनदेची आहे. ठेवीदार, धनको यांना मात्र रिसीव्हरकडे आधी दावा दाखल करावा लागतो. त्यासाठी सूचनेपासून किमान ९० दिवसांची मुदत असते, रिसीव्हरला निर्णयासाठी १८० दिवस मिळतात, आणि नकार आला तर ६० दिवसांत न्यायालय गाठावे लागते.

पैजेबाबत म्हणाल तर, बँकेने न्यायालयात अर्ज केला नाही, तिला तो करताच आला नसता. म्हणून तुमचे बरोबर. परंतु तिची मूळ कंपनी, एसव्हीबी फायनान्शियल ग्रुप, १७ मार्च २०२३ रोजी न्यूयॉर्कच्या दिवाळखोरी न्यायालयात गेली, आणि बँकेत अडकलेल्या स्वतःच्याच सुमारे १.९ अब्ज डॉलरसाठी एफडीआयसीशी भांडू लागली. तुमच्या मित्राने वाचलेली बातमी खरीच होती, फक्त ती आईची होती, मुलीची नव्हे.

टवाळ

मग जेवणाचे बिल मुलीच्या नावे फाडावे की आईच्या, हे आधी ठरवा. दोघींपैकी एकीकडे तरी रोखता असायला हवी.

चौकस

मित्राला हा धागा पाठवला. त्याचे उत्तर आले आहे : अर्धे बिल तो देईल, पण दावा दाखल करायला त्याला ९० दिवस हवेत.